काठी कोणासाठी?



तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन भरले की आमच्या औशात एक वस्तू हमखास दिसते : अंधांसाठी काठी. काठीला श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक, एक बॅटरी आणि एक बझर. संवेदकातून सेकंदाला ४०,००० कंपनांचा ध्वनी निघतो आणि समोरच्या वस्तूवर आदळून परततो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे १ मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी सुमारे ६ सहस्रांश सेकंदात येतो. लगेच बझर वाजतो. यातले भौतिकशास्त्र चोख आहे. पण ती काठी एखाद्या अंध मुलाने एकदा तरी हातात धरलेली असते काय? असे विचारले की मुले एकमेकांकडे पाहू लागतात.

आता विचार करा. साधी पांढरी काठी टेकवत चालणाऱ्या मुलाला पायरी, दगड, उघडी नाली हे काठीच्या टोकानेच कळते. कळत नाही ते वरचे : रस्त्याकडे उघडलेली खिडकी, खाली आलेली फांदी, उभ्या ट्रकमधून बाहेर आलेल्या सळया. दिल्लीच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांनी २००५ च्या सुमारास हेच काम हाती घेतले. त्यांची काठी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे शोधते आणि बझर वाजवण्याऐवजी मुठीत थरथरते. अंध माणसाचे कान रस्त्यावर मोकळेच हवेत. रिक्षा कोणत्या बाजूने आली हे त्याला कान सांगतात. ही 'स्मार्टकेन' २०१४ साली लोकांच्या हाती आली. इतकी वर्षे लागली! आपल्या प्रदर्शनात मात्र बझर असतोच, कारण तो परीक्षकांना ऐकू जातो.

मुलांसाठीच केलेले काम पाहायचे तर गोव्याचे पाहा. बिट्स पिलानीच्या गोवा येथील आवारातील संस्कृती डवले, अमन श्रीवास्तव आणि त्यांच्या सोबत्यांनी विद्यार्थिदशेत, २०१४ साली, ब्रेल शिकवणारे यंत्र करायला घेतले. पुढे त्याचे नाव 'अ‍ॅनी' झाले. हेलन केलरच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांच्यावरून. ब्रेल शिकवताना शिक्षकाला एकेका मुलाचे बोट धरून ठिपके दाखवावे लागतात, आणि बाकीचा वर्ग तोवर बसून राहतो. अ‍ॅनी बोलून सूचना देते, ठिपके वर-खाली करते, चुकले तर तिथल्या तिथे सांगते. नवशिक्या बोटांसाठी तिच्यावर मोठ्या आकाराचे ठिपकेही आहेत.

बोटाचा हा मुद्दा जुनाच आहे. चार्ल्स बार्बिये या डोळस लष्करी अधिकाऱ्याने १२ ठिपक्यांची लिपी रचली होती. तिचे एक अक्षर बोटाच्या टोकाखाली मावत नसे. पॅरिसच्या अंधशाळेतील लुई ब्रेल या विद्यार्थ्याने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ठिपके ६ वर आणले. ६ ठिपक्यांच्या ६४ रचना होतात. कोरी सोडली तर ६३. आपली मराठीही त्यांतच बसते. बोटाखाली किती मावते हे बार्बियेंना डोळ्यांनी कसे दिसावे?

म्हणून माझे मत असे की, अशा प्रकल्पाच्या गटात ते मूल स्वतः असावे, तक्त्यावर त्याचे नावही असावे. त्याने "मला हे नको" म्हटले, तर तोही निष्कर्ष म्हणून वहीत लिहावा आणि परीक्षकांनी त्याला पूर्ण गुण द्यावेत.

"गावच्या शाळेत अंध मूल कुठून आणायचे, सर?" अंधच हवे असे कोणी सांगितले? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. कुबडी घेऊन येणारा एखादा वर्गमित्र तुमच्याही शाळेत असेल. त्याची हरकत नसेल, तर त्याच्याबरोबर फाटकापासून पाण्याच्या नळापर्यंत चाला. कुठे थांबावे लागले, किती मिनिटे लागली, ते त्यालाच सांगू द्या आणि तुम्ही लिहून घ्या. नळ किती उंचीवर आहे तेही मोजा. दोन्ही हातांत कुबड्या असताना तो नळ सोडायचा कसा, याचे उत्तर मला अजून कोणत्याही प्रदर्शनात दिसलेले नाही.