पथ्य आजारापूर्वीचे

कर्करोगाचे निदान झाल्याचे कळताच मराठी कुटुंबात जी पहिली धावपळ सुरू होते, ती बहुधा स्वयंपाकघरात. साखर बंद होते, भात बंद होतो, दूध आणि अंडी वर्ज्य ठरतात, कोणी गव्हांकुराचा रस सुचवितो, कोणी नुसत्या फळांवर राहण्याचा आग्रह धरतो. आणि केमोथेरपीमुळे आधीच ज्याची अन्नावरची वासना उडाली आहे, अशा रुग्णाच्या ताटातून, जे चार घास त्याला रुचले असते तेच नेमके त्याच्या हिताच्या नावाखाली काढून घेतले जातात. यामागे प्रेम असते, याबद्दल शंका नाही. परंतु साखर तोडल्याने गाठीची उपासमार होते या समजुतीस आधार नाही, आणि वजन झपाट्याने घटलेल्या रुग्णाला उपचाराची पूर्ण मात्रा सोसणे जड जाते, हे मात्र निश्चित. आहार आणि कर्करोग यांचा संबंध खरा आहे. पण त्या संबंधात आपल्या हाती जे काही आहे, ते बहुतांशी आजार होण्यापूर्वीच्या वर्षांत आहे, आणि तीच वर्षे आपण बेफिकिरीने दवडतो.

हा संबंध ऐकीव नव्हे. १९८१ मध्ये रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कर्करोगाच्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ३५ टक्के मृत्यूंचे मूळ आहारात असावे असा अंदाज त्यांनी केला. मात्र हा आकडा १० पासून ७० पर्यंत कोठेही असू शकेल, ही कबुलीही त्यांनी प्रामाणिकपणे दिली होती. पुढे २००३ मध्ये, नऊ लाख अमेरिकन प्रौढांचा सोळा वर्षे मागोवा घेतलेल्या पाहणीतून, तेथील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी पुरुषांत १४ आणि स्त्रियांत २० टक्क्यांपर्यंत मृत्यूंस अतिरिक्त वजन कारण असू शकते, असे दिसून आले. आणि २०१६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या लिओं येथील कर्करोग संशोधन संस्थेने समग्र पुरावा तपासून, मोठे आतडे, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशय, अंडाशय आणि ऋतुनिवृत्तीनंतर होणारा स्तनाचा कर्करोग यांसह एकंदर तेरा प्रकारांचा धोका अतिरिक्त मेद टाळल्याने कमी होतो, असा निर्वाळा दिला.

अंगावरचा मेद म्हणजे निपचित पडून राहिलेला साठा, ही कल्पना आता टाकून दिली पाहिजे. ऋतुनिवृत्तीनंतर अंडाशयांचे कार्य थांबते, तेव्हा स्त्रीच्या देहात इस्ट्रोजेन तयार होण्याचे मुख्य स्थान हा मेदच असतो. तो जितका अधिक तितके हे संप्रेरकही अधिक, आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन त्या वयात जवळजवळ नसल्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींना वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो. म्हणूनच स्थूलतेशी अत्यंत निकटचे नाते या अस्तराच्या कर्करोगाचे आहे. आणि म्हणूनच पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेले, तर ते एकदाच आणि थोडेसे असले तरीही, संकोच बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांना दाखविणे अगत्याचे आहे. पोटाभोवतीच्या मेदामुळे रक्तातील इन्सुलिन वाढते, तेही पेशींच्या वाढीस उत्तेजन देते. शिवाय मंद पण कायमचा दाह शरीरात घर करून राहतो.

येथे एक ताकीद आवश्यक आहे. धोका वाढतो म्हणजे रोग होतोच असे नव्हे. सडपातळ माणसांनाही कर्करोग होतो आणि असंख्य स्थूल माणसांना तो कधीही होत नाही. आपल्या देशात तर तंबाखू हाच आजही पहिला शत्रू आहे. सबब, कोणा रुग्णाच्या देहाकडे पाहून ‘खाण्यापिण्याचे तंत्र सांभाळले असते तर’ असे उद्गार काढण्याचा अधिकार या संशोधनाने कोणालाही दिलेला नाही.

परंतु ही सारी श्रीमंत देशांची दुखणी, असे समजून निश्चिंत राहण्याचे दिवसही सरले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.६ टक्के अतिवजनी वा स्थूल होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. शिवाय भारतीय देहात कमी वजनालाही पोटाभोवती मेद साठतो, म्हणून आपल्याकडे स्त्रीच्या कंबरेचा घेर ८० आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये, अशी वैद्यकाची शिफारस आहे. एखाद्या कचेरीतील पन्नाशीच्या कारकून बाईंचा दिवस पाहावा: सकाळी चहा आणि बिस्किटे, डब्यात तीन पोळ्या आणि चमचाभर भाजी, चार वाजता कोणाच्या तरी वाढदिवसाचा समोसा, लोकलने घरी पोचल्यावर फरसाण, घरच्यांची जेवणे आटोपल्यावर दहा वाजता आमटीभात, आणि उरलेले टाकवत नाही म्हणून आणखी दोन घास. यांत चैन कोठेच नाही. आहे ती चालायला नसलेली फुरसत आणि ताटात डाळ, उसळ व भाजी यांचे उत्तरोत्तर घटत गेलेले स्थान.

कोणत्या अन्नाविषयी काय सिद्ध आहे, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस २०१५ मध्ये निश्चित कर्ककारकांच्या यादीत गेले. दररोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मद्य त्याच यादीत १९८८ पासून आहे. उलटपक्षी, अखंड धान्य आणि तंतुमय अन्न मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून काही अंशी संरक्षण देते. आपल्या ज्वारीबाजरीच्या भाकरीला हा मान न्यायाने मिळतो. मात्र अन्नातील गुण गोळीत भरता येत नाही. १९९४ मध्ये फिनलंडमधील २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. दुकानांतून कर्करोगरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्या विकत घेण्यापूर्वी हा दाखला प्रत्येकाने स्मरावा.

तरीही सर्व भार व्यक्तीच्या निग्रहावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. जेथे पदपथ चालण्याजोगा नाही, मैदानांवर इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि बिस्किटांचा पुडा पाव किलो भाजीपेक्षा स्वस्त पडतो, तेथे संयमाचा उपदेश हा सुखवस्तूंचा उपदेश ठरतो. चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ वा चरबी अधिक असलेल्या वेष्टनांवर काळ्या अष्टकोनातील ठळक इशारा सक्तीचा केला. आपल्याकडे असा इशारा अद्याप मसुद्यांच्या आणि समित्यांच्या दप्तरात अडकून आहे. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने रेशन दुकानांतून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिले. सणाला जी डाळ त्या मार्गाने घरोघर पोचू शकली, ती बारा महिने पोचविण्याची तजवीज अशक्य का मानावी? शाळेच्या उपाहारगृहांत काय विकले जाते याची नियमित तपासणी, नव्या वसाहतीत मैदानाची राखीव जागा आणि वेष्टनावरचा सुबोध इशारा, या तीन गोष्टींसाठी नव्या संशोधनाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. कर्करोग रुग्णालयांच्या खाटा वाढविल्याच पाहिजेत. परंतु त्या खाटांची गरज ज्यांना वीस वर्षांनी लागेल ती मुले आज शाळेत आहेत, आणि त्यांच्यासाठीची तरतूद अंदाजपत्रकात कोठे आहे, हे विचारणे प्रत्येक मतदाराचे कर्तव्य आहे.