अंतरपाट आणि स्वयंचलित फोकस

संपादक महाशय,


मंगलकार्याच्या छायाचित्रणास हाताने फोकस जुळविण्याचा फिल्म कॅमेरा निरुपयोगी होय, असा जो निवाडा गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, त्यास हरकत घेणे शीळफाटा परिसरातील लग्नमंडपांत हाच व्यवसाय करणाऱ्या मला भाग आहे. ३५ मिलिमीटरचे भिंग एफ ८ वर ठेवून अंतर ३ मीटरवर कायम केले, तर सुमारे २ ते ७ मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट उमटते. त्यामुळे मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होताच फ्लॅशच्या प्रकाशात वधूवरांची नजरानजर टिपताना भिंग फिरविण्याचेही कारण उरत नाही, उलट स्वयंचलित फोकस त्याच क्षणी पुढ्यातील वस्त्रावर वा उधळलेल्या अक्षतांवर खिळण्याचा संभव असतो. मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने १९८५ साली ही सोय लोकप्रिय करण्यापूर्वीही लग्ने लागत होती व त्यांची उत्तम छायाचित्रे निघत होती. नाचत्या वरातीत नव्या यंत्राची सरशी होते आणि ३६ चित्रांच्या रिळाचा खर्च जाचतो, हे मला मंजूर आहे; सबब सरसकट बंदीचा हुकूम न काढता, पत्रलेखकांनी कार्याचे स्वरूप पाहून मत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक छायाचित्रकार, शीळफाटा