खारे पाणी आणि लंगडा घोडा

घोड्यांच्या शर्यतीचे नाव काढले की आपल्या घरांतून पहिला शब्द येतो तो 'जुगार'. तो चुकीचा नाही. रेसच्या नादाने बसलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. कुणाच्या बायकोचे दागिने गेले, कुणाच्या मुलांची शाळा सुटली. म्हणून या महिन्यात आम्ही एका शर्यतीच्या घोड्याबद्दल लिहायला बसलो, तेव्हा कुरकुर आधी आमच्याच घरात झाली. "हे आपल्या मासिकात?"

तेव्हा एवढे आधीच सांगून टाकतो. पैज हराम आहे, त्यात दुमत नाही. पण घोडा पळवणे हराम नाही. खुद्द मदीन्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या. तयार केलेले घोडे अल-हफ्यापासून सनियतुल-विदापर्यंत, आणि तयार न केलेले तिथून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत. धावणाऱ्यांत हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) होते. कुरआनातल्या सूरह अल-आदियातची सुरुवातच धावत्या घोड्यांच्या शपथेने होते. आज जगभर जे शर्यतीचे घोडे पळतात त्यांची नराकडची वंशावळ तीन घोड्यांपर्यंत पोचते. त्यातला एक १७०४ साली आपल्या हलब शहरातून, म्हणजे अलेप्पोहून, इंग्लंडला गेला. म्हणजे विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

आता तो घोडा. नाव रेड रम. जन्म १९६५, आयर्लंडच्या किलकेनी परगण्यात. बाप कमी अंतरावर वेगाने पळणारा, म्हणून पोराकडूनही तेवढीच अपेक्षा. वर्षाचा असताना चारशे गिनीला विकला गेला. दोन वर्षांचा असताना लिव्हरपूलजवळच्या एनट्री मैदानावर पहिली शर्यत धावला, फक्त किलोमीटरभराची. ती अशी हलकी शर्यत होती की जिंकणाऱ्या घोड्याचा तिथल्या तिथे लिलाव होतो. त्यात तो दुसऱ्या एका घोड्याबरोबर बरोबरीत आला. पुढे मालक बदलले, तबेले बदलले, ट्रेनर बदलले. मधल्या काळात त्याच्या खुराच्या आतल्या हाडाला सूज धरणारा आजार निघाला. शर्यतीच्या घोड्याला हा आजार म्हणजे बहुतेक वेळा धंद्यातून बाद झाल्याचा दाखलाच.

लिव्हरपूलच्या उत्तरेला समुद्रकाठी साउथपोर्ट नावाचे गाव आहे. (लिव्हरपूल म्हटले की आमच्या जुन्या वाचकांना अब्दुल्लाह क्विलियम आठवतील, ज्यांनी १८८९ साली तिथे इंग्लंडातली पहिली मशीद उघडली. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी.) या साउथपोर्टमध्ये डोनाल्ड मॅकेन नावाचा माणूस राहायचा. केस तांबडे, म्हणून सगळे त्याला 'जिंजर' म्हणत. टॅक्सी चालवायचा, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा, आणि गाड्यांच्या दुकानामागे चार-दोन घोडे बांधून ट्रेनर म्हणवून घ्यायचा. मोठ्या ट्रेनरांकडे शेकडो एकर हिरवळ असते. याच्याकडे घोडे पळवायला होती ती फक्त गावची चौपाटी. रस्त्यावरच्या रहदारीतून घोडे समुद्रावर न्यायचे आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर पळवायचे.

याच्या टॅक्सीत नोएल ले मेअर नावाचे एक वृद्ध गृहस्थ नेहमी बसत. बांधकामाच्या धंद्यात श्रीमंत झालेले. ग्रँड नॅशनल जिंकणारा घोडा आपल्या मालकीचा असावा, ही त्यांची तरुणपणापासूनची हौस. टॅक्सीवाला आणि शेठ यांच्या गप्पा घोड्यांवर जमल्या, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये मॅकेनने त्यांच्यासाठी डॉनकास्टरच्या लिलावात सहा हजार गिनीला रेड रम घेतला. शेठजी तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते.

नव्या घोड्याला पहिल्यांदाच वाळूवर दुडकत सोडले, तर घोडा लंगडतोय! खुराच्या आजाराची गोष्ट मॅकेनला घेताना ठाऊक नव्हती. दुसऱ्याचे सहा हजार गिनी पाण्यात गेले असेच त्याला वाटले असणार. मग त्याने घोडा खरोखरच पाण्यात घातला. साउथपोर्टला कोळंबी धरणारे लोक घोडागाडी थेट समुद्रात नेत. त्यांच्या गाड्यांचे दुखऱ्या पायांचे घोडे खाऱ्या पाण्यात फिरून बरे होतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. रेड रम समुद्रात चालला आणि बाहेर आला तो नीट पाय टाकत. मुरूड-श्रीवर्धनकडच्या आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. मचमचलेला पाय आणि समुद्राचे पाणी यांचे नाते त्यांच्या दादी-नानींना पाठ असते. अर्थात एका दिवसात आजार गेला असे आम्ही म्हणत नाही. तो रोज त्या पाण्यात गेला, वर्षानुवर्षे गेला. त्या मोसमात लागोपाठ पाच शर्यती त्याने जिंकल्या.

ग्रँड नॅशनल ही सपाट मैदानातली धाव नव्हे. अशा शर्यतीला स्टीपलचेस म्हणतात, कारण आयर्लंडात ती एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधली कुंपणे-चर ओलांडत धावली गेली. एनट्रीला दोन फेऱ्या, तीस अडथळे आणि त्या काळी सव्वासात किलोमीटर अंतर. चांगला घोडा पुढे निघून जाऊ नये म्हणून त्याच्यावर जास्त वजन लादतात. १९७३ साली ऑस्ट्रेलियाचा क्रिस्प नावाचा अफाट घोडा सुमारे शहात्तर किलो घेऊन धावला. रेड रमवर त्याच्याहून दहा किलो कमी होते. क्रिस्प इतका पुढे गेला की मागच्यांना तो दिसेनासा व्हावा. शेवटचा अडथळा ओलांडला तेव्हाही अंतर मोठे होते. पण पुढे साडेचारशे मीटरची सरळ धाव असते. तिथे त्याचे पाय गळाले, आणि ब्रायन फ्लेचरने रेड रमला अगदी शेवटच्या टापांत पुढे काढले. पाऊण घोड्याच्या लांबीने! वेळ नऊ मिनिटे १.९ सेकंद, आधीच्या विक्रमाहून तब्बल अठरा सेकंदांनी कमी. क्रिस्पचा जॉकी रिचर्ड पिटमन याने पुढे मोकळेपणी कबूल केले की आपण चाबूक उचलला, घोडा सरळ रेषा सोडून भरकटला, चूक आपली होती.

त्याच शर्यतीत ग्रे सॉम्ब्रेरो नावाचा घोडा 'चेअर' नावाच्या अडथळ्यावर पडून मेला. विजयाच्या गोष्टी सांगताना हे वाक्य गाळायची पद्धत आहे. आम्हाला ती पटत नाही. मुक्या जनावरावर झेपेल तेवढाच भार घालावा, ही आपल्याला ताकीद आहे, आणि या शर्यतीत ती मर्यादा कितीदा ओलांडली गेली याचा हिशेब अल्लाहकडे असेल. उशिरा का होईना, तिथल्या लोकांनाही ते टोचले. २०१३ पासून अडथळ्यांच्या आतले लाकूड काढून लवचीक प्लास्टिक घातले, आणि २०२४ पासून चाळीसऐवजी चौतीसच घोडे सोडतात.

१९७४ मध्ये ते शहात्तर किलो रेड रमवर आले, आणि तरीही तो जिंकला. १९७५ आणि १९७६ मध्ये दुसरा. दरम्यान मॅकेन आणि फ्लेचर यांचे बिनसले. ज्याने दोनदा जिंकून दिले त्याच्याखालून घोडा काढून घेतला गेला. आम्हाला हा भाग कडू वाटतो. १९७७ मध्ये पाठीवर टॉमी स्टॅक होता. हा स्टॅक पूर्वी काही काळ याच घोड्याचा ट्रेनर राहिलेला. बारा वर्षांचा घोडा, लोक म्हणत म्हातारा झाला, तो पंचवीस लांबींनी जिंकला. ग्रँड नॅशनल तीनदा जिंकणारा आजवर तो एकटाच. पाच वर्षांत दीडशे अडथळे, एकदाही पडला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी बीबीसीने त्याला क्रीडा पुरस्कारांच्या समारंभात थेट स्टुडिओत आणले. स्टॅक तेव्हा तिथे नव्हता. पडद्यावरून त्याचा आवाज आला आणि घोड्याने कान टवकारले. सभागृह दिव्यांनी, माणसांनी भरलेले, आणि त्याने आवाज तेवढा ओळखला.

शर्यतीच्या निकालपत्रात रकाने असतात घोड्याचे, मालकाचे, ट्रेनरचे, जॉकीचे. साइसाला, म्हणजे मोतद्दाराला, रकाना नसतो. रेड रमच्या साइसाचे नाव बिली एलिसन. साइसाचे काम पहाटे सुरू होते. लीद काढायची, खुरारा करायचा, खूर उचलून उचलून आतली वाळू-खडा काढायचा, पाय चाचपून कुठे गरम लागतो का ते पाहायचे. ज्या घोड्याचा खूरच दुखरा, त्याच्या बाबतीत हे रोजचे चाचपणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको. शेठचे पैसे आणि मॅकेनची हिकमत मोठी खरी, पण त्या पायाची अमानत रोज सांभाळली ती या हातांनी. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये नोंद आहे की प्रेषित (स.) आपल्या चादरीने घोड्याचे तोंड पुसताना दिसले. विचारल्यावर ते म्हणाले की काल रात्री घोड्यांच्या बाबतीत आपल्याला जाब विचारला गेला. तोंड पुसण्याचे काम त्यांनी दुसऱ्याला सांगितले नाही.

१९७८ च्या शर्यतीच्या आदल्या दिवशी रेड रमच्या हाडात बारीक तडा सापडला आणि मॅकेनने त्याला उतरवले नाही. पुढची सतरा वर्षे तो धावला नाही, पण खाऊन-पिऊन, माणसांच्या गराड्यात जगला. १८ ऑक्टोबर १९९५ ला, तीस वर्षांचा होऊन गेला. एनट्रीच्या शेवटच्या खांबाजवळ त्याला पुरला आहे, तोंड त्या खांबाकडे करून.