विश्लेषण : मधुमेहाच्या शस्त्रक्रियेचा निकष नेमका कोणाच्या शरीरावर बेतलेला?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेने मधुमेह आटोक्यात येऊ शकतो, हे आता संशोधनाने सिद्ध झाले आहे. मात्र ती कोणाला मिळावी, हे ठरवणारे विम्याचे आकडे भारतीय शरीराला लागू पडत नाहीत. धाराशिव जिल्ह्यातील येडशीसारख्या गावांसाठी हा प्रश्न का महत्त्वाचा आहे, याविषयी…

मधुमेह हा शहरी आजार राहिला आहे का?

नाही. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, तर १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे प्रमाण शहरात १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के. पण उंबरठ्यावरच्यांमध्ये शहर आणि खेडे यांत जवळपास फरकच नाही. दोन्हीकडे १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे येडशी, कळंब, बार्शी या पट्ट्यातही पुढच्या दशकातील रुग्ण आजच तयार होत आहेत.

‘अंगाने बारीक, तरी साखर’ असे का?

याचे उत्तर पुण्यातून मिळाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू असलेल्या माता-पोषण अभ्यासाने मुळाकडे बोट दाखवले. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंनी कमी होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखली होती. पोटात असताना उपाशी आणि पुढे बैठे काम, भात, मैदा, साखर. हा मेळ मधुमेहाला पोषक ठरतो. पिढ्यानपिढ्या दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याने हे संशोधन विशेष गांभीर्याने घ्यायला हवे.

शस्त्रक्रियेने नेमके काय होते?

‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे अरुंद केले जाते. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. जेवण कमी जाते, पण परिणाम तेवढ्यापुरता नाही. आतड्यातून स्रवणारी संप्रेरके बदलतात, त्यामुळे अनेकांची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत १५० रुग्ण होते. पाच वर्षांनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) ६ टक्के किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण केवळ औषधांच्या गटात ५ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि बायपासमध्ये २९ टक्के होते. फायदा मोठा आहे, पण ‘मधुमेह कायमचा गेला’ असे सांगणाऱ्या जाहिराती या आकड्यांत बसत नाहीत.

मग अडते कुठे?

जगभरातील ४५ वैद्यकीय संघटनांनी मान्य केलेल्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी बीएमआयची मर्यादा २.५ ने खाली आणली आहे. साखर आटोक्यात नसेल तर ३२.५ च्या पुढे शस्त्रक्रियेची शिफारस आहे आणि २७.५ पासून तिचा विचार करता येतो. आपल्याकडील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटी मात्र बीएमआय ४० किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ इतका मागतात.

पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचा हिशेब पाहा. विम्याच्या दारात जाण्यासाठी त्याचे वजन किमान ९५ किलो हवे. शास्त्र ८८ किलोंवरच शिफारस करते आणि ७५ पासून विचार करायला सांगते. साखर हाताबाहेर गेलेल्या ८९ किलोंच्या शेतकऱ्याने खर्च खिशातून करायचा, नाहीतर वजन वाढायची वाट पाहायची! नियामकाने हा निकष भारतीय पुराव्यांनुसार बदलायला हवा.

निकष बदलला की प्रश्न सुटेल?

तेवढ्याने नाही. शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि नियमित रक्ततपासण्या आयुष्यभर लागतात. बी-१२ चा तुटवडा तर आधीच आहे. पुण्याच्या अभ्यासात दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये ते कमी आढळले. पुण्यात शस्त्रक्रिया करून येडशीला परतलेल्या रुग्णाची पुढची काळजी जवळच्या आरोग्य केंद्रातच घेतली गेली पाहिजे. ती सोय नसताना केलेली शस्त्रक्रिया एका आजाराच्या जागी दुसरा आजार देऊ शकते.

बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरजही पडू नये. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत आहार-नियोजनाने वर्षभरात ४६ टक्के रुग्ण औषधांविना मधुमेहमुक्त पातळीवर आले. मात्र त्यांना सतत मार्गदर्शन मिळत होते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवण आणि चालण्याची पद्धत या भागात घरोघरी पोहोचली, यावरून लोकांची तयारी दिसते. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलणे धोक्याचे आहे. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेले ‘मौंजारो’ इंजेक्शनही देखरेखीशिवाय घेण्याची वस्तू नाही.

गावपातळीवर आज काय करता येईल?

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील प्रत्येकाची मधुमेह तपासणी अपेक्षित आहे. त्यात कंबरेचा घेर सक्तीने मोजावा : पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका मानला जातो. त्यासाठी शिंप्याकडची टेप पुरते. ज्यांची साखर औषधांनी हटत नाही, त्यांना जिल्हा पातळीवर तज्ज्ञांकडे पाठवण्याची ठरलेली वाट हवी. महागडी शस्त्रक्रिया ही त्या वाटेवरची शेवटची पायरी आहे. पण तिथवर पोहोचलेल्या माणसाला परदेशी शरीरांवरून ठरलेल्या आकड्याने परत पाठवणे अन्यायाचे आहे.