पाय पाहून पायडल

घरात सायकल घ्यायची ठरली की चर्चेला तोटा नसतो. रंग लाल की काळा, गिअरची की साधी, कॅरियर बरोबर मिळणार की त्याचे वेगळे पैसे पडणार, यावर दोन दोन संध्याकाळी खर्ची पडतात. पायडल कसले हवे, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही. दुकानदार जे बसवून देईल ते पायडल, असा आपला रिवाज. वास्तविक सायकल चालते ती पायाच्या जोरावर आणि तो जोर सायकलला पोचतो तळहाताएवढ्या त्या दोन तुकड्यांतून. तेव्हा या आठवड्यात पायडलाविषयी चार शब्द.

"पायडलात कसली आली आवडनिवड?" असे काही वाचक म्हणतील. आवडनिवड ही पोट भरलेल्यांची गोष्ट, आपल्याला काय, चालली म्हणजे झाले! आम्हाला हे मान्य नाही. कष्टकरी माणसालाही आवड असते, आणि तिच्यामागे बहुधा पक्के कारण असते. ते कारण त्याच्या कामात दडलेले असते. आपण विचारत नाही म्हणून तो सांगत नाही, एवढेच. म्हणून आम्ही वस्तीतल्या सायकलवाल्यांना मुद्दाम विचारत हिंडलो. ऑफिस सुटल्यावर हा उद्योग आठवडाभर चालला होता.

पहाटे पेपर टाकणारे एक काका म्हणाले, "साहेब, आपल्याला रबराचेच पायडल लागते. पायात स्लिपर. दर इमारतीला उतरा, परत चढा. पाय कसाही पडला तरी पायडलावर पडला पाहिजे. खाली बघत बसायला वेळ कुणाला आहे?"

गिअरच्या सायकलवरून घरोघर जेवणाची पार्सले पोचवणारा एक तरुण बरोबर उलटे बोलला. "काका, रबर झिजले की पावसात पाय सरकतो. मला दात्यांचे पायडल पाहिजे. माझ्या पायात बूट असतो, दाते बुटाला धरून ठेवतात. चढावर उभे राहून पायडल मारताना पाय निसटला तर थेट नळीवर आपटतो माणूस."

आणि नववीतली एक मुलगी, जी आपल्या भावाची सायकल घेऊन शाळेत जाते, ती आधी काही बोलेनाच. मग हळूच म्हणाली, "काका, दादाच्या सायकलचे पायडल नडगीला लागते. दोनदा रक्त आले. सलवारचा काठही अडकतो. मला रुंद आणि बिनदात्याचे पाहिजे. पण सायकल दादाची आहे ना!"

तीन पाय, तीन उत्तरे, आणि तिन्ही बरोबर. ज्याचा पाय त्या पायडलावर पडतो त्यालाच त्यातले कळते.

आता थोडी मागची हकीगत. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यात पायडलाच्या सायकली तयार होऊ लागल्या. त्यात पायडल थेट पुढच्या चाकाला लावलेले असे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल आणली. तिच्यात पायडल मधोमध आले आणि पायाचा जोर चेनमधून मागच्या चाकाला मिळू लागला. आज तुमच्या आमच्या दारात उभी असलेली सायकल त्याच घराण्यातली.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते रबराचे पायडल. पोलादी सांगाडा आणि त्यात बसवलेले रबराचे दोन ठोकळे. दूधवाले, पोस्टमन, मुंबईचे डबेवाले यांच्या काळ्या दणकट सायकलींवर तेच दिसत आले. चप्पल असो, बूट असो की अनवाणी पाय असो, ते कोणाला बोचत नाही. ओझे लादलेली सायकल चालवताना बरेच जण पायाचा चवडा न टेकता पायाचा मधला भाग टेकवतात. त्यालाही हे पायडल सोयीचे. त्याचा दोष एकच, रबर गुळगुळीत झाले किंवा ठोकळा सैल होऊन स्वतःभोवती फिरू लागला की पाय जागेवर राहत नाही.

दुसरे दात्यांचे पायडल. कडेला करवतीसारखे दाते किंवा वर बारीक खिळ्यांसारखे उंचवटे. जाड तळव्याच्या बुटाला याची पकड उत्तम. परंतु पातळ चपलेतून ते टोचते, चपलेचा तळ लवकर खाते आणि पाय चुकला तर नडगी सोलून काढते. तिसरे प्लास्टिकचे. आजच्या बऱ्याच नव्या सायकलींना हेच येते. वजनाला हलके, दिसायला छान, पण स्वस्तातले असले तर दणक्याने तडकते. शिवाय जुने पोलादी पायडल खोलून, आतले छर्रे धुऊन, ग्रीस भरून पुन्हा वापरता येते. स्वस्तातले प्लास्टिकचे पायडल बहुधा खोलताच येत नाही. खराब झाले की फेकायचे.

आता शर्यतवाल्यांकडे वळू. पाय पायडलावरून सुटू नये म्हणून ते पूर्वी चवड्याभोवती लोखंडी कडी आणि कातडी पट्टा बांधत. मग १९८४ साली फ्रान्सच्या 'लुक' या कंपनीने नवीनच पायडल बाजारात आणले. बर्फावर घसरण्याच्या स्कीच्या खेळात बूट जसा फळीला अडकवतात, त्याच धर्तीचे. बुटाच्या तळाला एक तुकडा बसवलेला असतो, तो पायडलात दाबला की 'खट्' करून अडकतो, आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, फ्रान्सचा बर्नार इनो अशी पायडले वापरून 'टूर द फ्रान्स' ही मोठी शर्यत जिंकला. १९९० साली जपानच्या 'शिमानो' कंपनीने लहान तुकड्याचा प्रकार आणला. त्यात तो तुकडा बुटाच्या तळात आत बसतो, त्यामुळे सायकलवरून उतरल्यावर नीट चालताही येते.

आपल्या वस्तीतली काही मुले आता सकाळी लांब लांब सायकल चालवायला जातात. चांगली गोष्ट आहे. मोबाइलवर शर्यती पाहून त्यांना असेच पायडल हवेसे वाटते. हवेसे वाटण्यात गैर काही नाही. ज्याला रोज तीस-चाळीस किलोमीटर एका दमात मोकळ्या रस्त्यावर जायचे आहे, त्याला पाय जागच्या जागी राहिल्याने नक्कीच सुख वाटते. पण आधी जमाखर्च मांडावा. पायडलाबरोबर खास बूट घ्यावे लागतात, म्हणजे खर्च दुहेरी. ते बूट घालून कामावर उभे राहता येत नाही. आणि गर्दीच्या नाक्यावर एकाएकी थांबायची वेळ आली नि टाच वळवायचे सुचले नाही, तर सायकलसकट आडवे व्हावे लागते. नवख्यांच्या बाबतीत असे हमखास घडते. म्हणून सवय आधी मोकळ्या मैदानात करावी.

"अडकवलेला पाय वर ओढूनही जोर लावता येतो, म्हणून ते पायडल श्रेष्ठ," असे ही मुले सांगतात. परंतु सायकलपटूंच्या पायाचा जोर यंत्रांनी मोजला गेला आहे. सर्वसाधारण वेगाने चालवताना जवळजवळ सगळे काम पाय खाली दाबतानाच होते, असे त्यात दिसले. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलचे उदाहरण पाहा. डोंगरउतारावरून खडकाळ वाटेने सायकल हाकण्याच्या स्पर्धेत तो २००७ साली आणि पुन्हा २०१० साली जगज्जेता झाला. त्याच्या सायकलला होती साधी, सपाट, पाय न अडकवणारी पायडले! जगज्जेत्याला सपाट पायडलाची लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी? आणि इनोने पाय अडकवला म्हणून तो चुकला असेही नाही. त्याची वाट वेगळी, याची वाट वेगळी.

मात्र आपल्या घरांतली खरी अडचण निराळीच आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल असल्याची नोंद झाली. पण त्यातल्या किती घरांत माणशी एक सायकल असणार? आपल्याकडे सायकल एक आणि पाय अनेक. सकाळी वडील कारखान्याचा जाड बूट घालून जातात, दुपारी मुलगी शाळेत नेते, संध्याकाळी आई दळण आणते, रात्री मुलगा मित्रांकडे पळवतो. मग पायडल कोणाच्या आवडीचे?

बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते. जो सर्वांत मोठ्याने मागतो त्याच्या आवडीचे. जिच्या नडगीतून रक्त येते ती गप्प बसते. आणि एक दिवस ती म्हणते, "मी चालतच जाते." आपल्याला वाटते, पोरीला सायकलची हौस राहिली नाही. हौस गेलेली नसते. तिला त्या सायकलवर नीट पाय ठेवता येत नसतो.

ही गोष्ट लहान समजू नये. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलसाठी मदत देणारी सरकारी योजना सुरू झाली. त्यानंतर तिथे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या चांगली वाढली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळाल्या आहेत. मुलीची सायकल म्हणजे तिची शाळा. ती सायकल एका बोचऱ्या पायडलापायी भिंतीला टेकून राहू नये.

तेव्हा ज्या घरात सायकल एक आणि माणसे चार, त्या घराने रुंद, सपाट, बोथट खडबडीत पृष्ठभागाचे पायडल घ्यावे, असे आमचे मत आहे. ते चप्पल सांभाळते, बूटही सांभाळते. शर्यतीच्या शौकिनाला एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने बूट अडकवता येणारे पायडलही मिळते. घरातल्या चौघांनी एकदा बाहेर नाश्ता केला तर जेवढे पैसे जातात, जवळपास तेवढ्यात साध्या पायडलांची जोडी येते. एवढ्यासाठी कोणी मन मारू नये.

पायडल बदलताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, उजवे आणि डावे पायडल वेगळे असते. उजव्याचे आटे नेहमीसारखे सुलटे, डाव्याचे उलटे. पायडलाच्या दांड्यावर बहुधा उजव्यासाठी 'आर' आणि डाव्यासाठी 'एल' हे इंग्रजी अक्षर कोरलेले असते. ही युक्ती कशासाठी? चालवता चालवता पायडल आपोआप सुटून येऊ नये म्हणून. विमान उडवणारे राइट बंधू मूळचे सायकलवाले. न सुटणारे पायडल म्हणून त्यांनी १९०० साली आपल्या सायकलींना अशीच उलटसुलट आट्यांची पायडले दिली. त्यांचे विमान उडाले त्यानंतर तीन वर्षांनी.

दुसरी गोष्ट, खोलताना गोंधळ नको. पाना वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडले सुटतात, पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतात. नवीन पायडल आधी हाताने फिरवून आत जाऊ द्यावे. अडले तर बळजबरी करू नये. क्रँकचे आटे गेले तर पायडलाच्या कितीतरी पट खर्च येतो.

तिसरी गोष्ट, माप. बहुतेक सायकलींना ९/१६ इंचाचा दांडा लागतो. पण ज्या सायकलींची क्रँक एकाच लोखंडी सळईची वाकवून केलेली असते, त्यांना १/२ इंचाचा लागतो. आपले जुने पायडल दुकानात बरोबर न्यावे म्हणजे घोटाळा होत नाही.

चौथी गोष्ट, देखभाल. महिन्यातून एकदा पायडल हाताने धरून हलवून पाहावे. खडखडले तर छर्रे सैल झाले आहेत, आखडत फिरले तर ग्रीस वाळले आहे. पावसाळ्याआधी रबर पाहावे. गुळगुळीत झाले असेल तर वाट पाहू नये. रात्रपाळीवाल्यांनी पायडलाच्या कडेला चमकणारी पट्टी आहे ना, हे पाहावे. वरखाली होणारी ती चमक पाहून मागच्या गाडीवाल्याला लांबूनच कळते की पुढे सायकल आहे.

आणि शेवटची गोष्ट. पायडल घ्यायला जाताना, ज्याचे किंवा जिचे पाय त्यावर पडणार आहेत त्यांना दुकानात बरोबर न्या. ती रोज जी चप्पल घालते तीच घालून येऊ द्या. सायकल स्टँडवर उभी करून तिला वर बसवा, दहा-वीस वेळा पायडल मारू द्या, आणि मग विचारा, "कसे वाटते गं?" ती जे सांगेल ते पायडल घ्या. दादाची समजूत आपण नंतर घालू.