किल्ली काढली तरी गाडी चालूच!

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात अलिबागहून बाजार करून आम्ही रेवदंड्याला परतलो. भर दुपार, अंगाची लाही होत होती. ह्यांनी गाडी माडाखाली लावली, किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि पिशव्या उतरवायला गेले. गाडी मात्र थांबेना! खड्‌खड्‌ करत, गचके खात ती चालूच. धाकटी रडायला लागली. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "अगो, नारळ ओवाळून टाका तिच्यावरनं!"

ही मामंजींची पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ साली रस्त्यावरून गेल्या; आमची अजून चौल-अलिबाग करते. मेस्त्रींनी बघून सांगितलं, "वहिनी, इंजिनाचं हेड उघडावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून हे म्हणाले, "त्यापेक्षा भंगारात देऊ." त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. मामंजींच्या मागे एवढी एकच वस्तू त्या रोज स्वतः पुसतात.

मी जरा चौकशी केली, दोन-चार जुन्या गाडीवाल्यांना विचारलं. गोष्ट अगदी आपल्या चुलीपाशी कळण्यासारखी आहे. गॅस बंद केला तरी बिडाचा तवा तापलेला राहतो, त्यावर पीठ ओतलं तर घावन भाजणारच. किल्ली काढली की इंजिनात ठिणगी पडायची थांबते. पण आत साठलेली काजळी, प्लगचं तापलेलं टोक निखाऱ्यासारखं असतं. इंजिन फिरत असेपर्यंत कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढलं जातं, कारण जुन्या गाड्यांत ते विजेवर नाही, ओढीवर येतं. निखाऱ्यावर पेट्रोल पडतं, इंजिन गचके खातं, आणि फिरलं की पुन्हा पेट्रोल ओढतं! आताच्या गाड्यांत किल्ली फिरवताच पेट्रोलच बंद होतं, म्हणून हा प्रकार नाही.

तेव्हा मी मेस्त्रींना म्हटलं, "हेड राहू द्या, आधी स्वस्तातलं बघा." गाडी उभी असताना इंजिन किती जोरात फिरतं ते पाहिलं, तर केवढं तरी जोरात! जास्त फिरलं की कार्बोरेटरची झडप जास्त उघडी, आणि आत पेट्रोल-हवा जास्त. स्क्रू कोणी पिळला? हे मान खाली घालून उभे! पावसाळ्यात कार्ले खिंडीत गाडी सारखी बंद पडायची, म्हणून ह्यांनीच घरी पेचकस लावला होता. बाईसाहेबांना विचारायची पद्धत आमच्या घरात नाही, असो.

स्क्रू खाली उतरवला. रेडिएटरमध्ये पाणी कमी होतं, ते भरलं. टायमिंग मागे पडलं असेल तरी इंजिन तापतं, तेही जुळवलं. प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचे नव्हते, ते बदलले. स्क्रूचे पैसे मेस्त्रींनी घेतले नाहीत, चहा आणि दोन शहाळी घेतली.

तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि ती थांबेना, तर बोनेट उघडून हात घालू नका. पुढेमागे कोणी उभं नाही ना बघून हातब्रेक ओढा, पाय ब्रेकवर घट्ट दाबा, क्लच दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच हळूच सोडा. इंजिन गप्प बसतं. लांबून आलात, तर बंद करण्याआधी मिनिटभर तशीच चालू ठेवा, जरा निवू द्या. मात्र बंद शेडमध्ये नव्हे हं! त्या धुराला वास नसला तरी तो जीव घेतो. आमच्या शेडचं दार मी त्याच दिवशी काढून टाकलं.

अजून फार ऊन असलं, की बाई दोन उचक्या देते. आतली काजळी आहेच, ती हेड उघडूनच निघेल. ते काम दिवाळीनंतर करायचं ठरलंय, भिशीचे पैसे आले की.