यंत्र कचरा ओळखेल, पण यंत्र कोणाचे?

सरकत्या पट्ट्यावरून प्लॅस्टिकचा कचरा जातो. वरचा कॅमेरा प्रत्येक बिंदूवरून परतणारा अवरक्त प्रकाश शंभराहून अधिक तरंगलांबींवर मोजतो. पेट, पीव्हीसी, पॉलिप्रोपिलीन यांचे रेणू वेगवेगळा प्रकाश शोषतात, म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी उमटते. केमोमेट्रिक्स, म्हणजे रासायनिक आकडेवारीचे विश्लेषण, त्यातला गोंगाट काढून आकड्यांचा ढीग मोजक्या घटकांवर आणते. मग मशीन लर्निंग तुकडा कशाचा ते ठरवते आणि हवेचा झोत तो बाजूला उडवतो. कोणाचा हात घाणीत जात नाही.

काही पुरोगामी मित्र म्हणतात, यंत्र कचरावेचकांची भाकरी हिरावेल, म्हणून विरोध करा. आम्हाला हे मान्य नाही. दोष यंत्राचा नाही, खाजगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे बाबासाहेबांनी १९४५ मध्येच गांधीवादाची चिकित्सा करताना मांडले. पिढ्यान्‌पिढ्या जातीने ज्या हातांत कचरा दिला, ते हात मोकळे व्हायलाच हवेत.

पण मोकळे म्हणजे बेकार नव्हे!

हे यंत्र शिकते कशावर? ओळख पटवलेल्या नमुन्यांवर. स्वच्छ नमुन्यांवर शिकलेले यंत्र ओल्या, मळलेल्या कचऱ्यापुढे चुकू शकते, कारण पाणीही अवरक्त प्रकाश शोषते. काळ्या प्लॅस्टिकमधली काजळी तर जवळपास सगळाच प्रकाश गिळते, तिथे असा कॅमेरा आंधळा होतो. आणि पेटमध्ये थोडे पीव्हीसी मिसळले तरी माल बिघडतो. खरा कचरा ओळखणारे ज्ञान आज कोणाकडे आहे? तो रोज हाताळणाऱ्या आमच्या आयाबहिणींकडे. त्या ज्ञानावर यंत्र शहाणे होणार आणि मालकी मात्र ठेकेदाराची, हा कुठला न्याय?

पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. संघटना उभी राहू शकते, हे त्यांनी दाखवले. आता पुढची मागणी करू या: वर्गीकरणाची यंत्रे कचरावेचकांच्या सहकारी संस्थांच्या मालकीची असावीत; नमुने ओळखणे आणि यंत्राच्या चुका तपासणे हे तांत्रिक काम मानून त्याचा पूर्ण पगार मिळावा.

आणि तरुण मित्रांनो, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग शिकताना नजर केवळ पॅकेजवर नको. यंत्राला काय शिकवायचे, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर आपली माणसे बसली पाहिजेत. नाहीतर झाडू जाईल, जात मात्र यंत्राच्या मागे उभी राहील.

जयभीम!